वकील केव्हां गांठावा?

“शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये” ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकली आहे. बांधावरून, वाटणीवरून किंवा देण्याघेण्यावरून होणाऱ्या तंट्यांच्या बाबतींत ती पुष्कळ अंशीं खरी आहे. आपसांत मिटण्याजोगा तंटा कोर्टांत नेऊन दोन दोन पिढ्या झिजलेलीं घराणीं आपल्यापैकीं प्रत्येकाच्या पाहण्यांत असतील. परंतु या म्हणीला एक मोठा अपवाद आहे. ज्याच्यावर फौजदारी गुन्ह्याचा आरोप येतो, तो कोर्टाची पायरी आपण होऊन चढत नाहीं. त्याला ती चढावीच लागते. त्याचें शहाणपण पायरी टाळण्यांत नसून, ती चढतांना आपल्याबरोबर कोण आहे हें पाहण्यांत आहे. आज मला बोलावयाचें आहे तें याच गोष्टीविषयीं: आरोप आल्यावर कायद्याची मदत कोठें मिळते, कशी मिळते, आणि मुख्य म्हणजे ती केव्हां मागावी.

मी वकील नाहीं. मॅट्रिक होऊन मास्तर झालों आणि मास्तर म्हणूनच निवृत्त झालों. माझें गांव तलवाडा, बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतलें. खेड्यांत मास्तरापुढें मुलांच्या वह्यांप्रमाणेंच मोठ्या माणसांचे कागदहि येतात. कोणी तलाठ्याची नोटीस आणतो, कोणी बँकेचें पत्र आणतो, आणि कधीं कोणी कोर्टाचें समन्स धोतराच्या सोग्यांत गुंडाळून आणतो. समन्स आणणारा मनुष्य “यांत काय लिहिलें आहे?” असें क्वचितच विचारतो. “मास्तर, आतां कोणाला भेटूं?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो. गांवानें त्याला अगोदरच दहा उत्तरें दिलेलीं असतात. पुढाऱ्याला भेट, ओळखीच्या हवालदाराला भेट, फिर्यादीच्या मामाला भेट. या यादींत वकिलाचें नांव बहुधा शेवटीं येतें. आणि तें येतें तोंवर घरांतील शेळी विकली गेलेली असते व मुलगा तुरुंगांत पोंचलेला असतो. वरातीमागून घोडें म्हणतात तें हेंच.

तलवाड्यास पोलिस ठाणें आहे. तेथून गुन्ह्याचे कागद गेवराईच्या न्यायालयाकडे जातात. गुन्हा मोठा असला तर खटला सत्र न्यायालयांत चालतो. आणि त्यावर दाद मागावयाची तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे औरंगाबादेस, म्हणजे हल्लींच्या छत्रपति संभाजीनगरास, जावें लागतें. हा जिना जसजसा चढावा तसतसा वकील महाग होत जातो, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाची, पण फारशी ठाऊक नसलेली गोष्ट अशी, कीं जसजसें वर जावें तसतसें वकिलाला करण्याजोगें काम कमी होत जातें. साक्षीपुरावा खालच्या न्यायालयांत नोंदला जातो. वरचीं न्यायालयें बहुतेक तेच कागद पुन्हां वाचतात. आरोपी त्या घटकेला कोठें होता, त्याला तेथें कोणीं पाहिलें, पंचनाम्याच्या वेळीं पंच खरोखर हजर होते कीं नव्हते, या गोष्टी पहिल्या आठवड्यांत टिपल्या गेल्या नाहींत, तर सातव्या वर्षीं दिल्लीच्या विद्वान् वकिलालाहि त्या निर्माण करतां येत नाहींत. बैल गेल्यावर झोपा करण्यासारखेंच तें आहे.

वकिलाची गरज अडाण्यालाच असते असें मात्र नव्हे. लोकमान्य टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर होते. १८९७ सालीं त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हां त्यांच्या जामिनासाठीं दावर हे बॅरिस्टर उभे राहिले आणि न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं जामीन मंजूर केला. बचावासाठीं बंगालनें पैसा दिला आणि कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. पुढें १९०८ सालीं दुसरा खटला उभा राहिला, तेव्हां तेच दावर न्यायासनावर बसले होते. टिळकांतर्फें जिना यांनीं मागितलेला जामीन त्यांनीं नाकारला. त्यानंतर टिळकांनीं आपला बचाव स्वतः केला, त्यांचें भाषण एकवीस तासांहून अधिक चाललें, आणि शिक्षा सहा वर्षांची झाली. यांतील एक बारकावा ध्यानांत घेण्याजोगा आहे. एवढ्या अधिकाराचा मनुष्यहि अटक झाल्यावर जामिनासाठीं दोन्ही वेळां वकिलाकडेच गेला. मग ज्याला आपल्यावरील आरोपाचें कलमहि वाचतां येत नाहीं, त्याची कथा काय सांगावी?

आमचा मुलूख तर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानची राजभाषा उर्दू. मराठी कुणब्यावर आरोप आला, कीं त्याच्या नशिबाचा कागद त्याला परक्या लिपींत मिळावयाचा. कागद वाचणारा एक, त्याचा अर्थ सांगणारा दुसरा, आणि त्यावर बोलणारा तिसरा, अशा तिघांच्या पदरीं तो पडत असे.

स्वराज्य आल्यावर घटनासमितीपुढें हा प्रश्न आला. १५ सप्टेंबर १९४९ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मसुद्यांत १५-अ हें नवें कलम मांडलें. तेंच आज घटनेंत २२ वें कलम म्हणून आहे. अटक झालेल्या माणसाला अटकेचें कारण सांगितलें पाहिजे, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊं दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत त्याला मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें पाहिजे, असें तें कलम सांगतें. परंतु वकील नेमण्याचा हक्क निराळा आणि वकील नेमण्याची ऐपत निराळी. या दोहोंमधील अंतर किती भयंकर असूं शकतें, हें पहिल्यानें आमच्याच जुन्या संस्थानांतील एका प्रकरणानें दाखवून दिलें. तेलंगणांतील शेतकरी चळवळीच्या काळांतील कांहीं आरोपींना हैदराबादच्या खास न्यायाधिकरणानें फांशीची शिक्षा दिली होती. खटल्याच्या वेळीं आम्हांला वकील मिळाला नाहीं, ही त्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढें आली. त्यांच्या वतीनें बोलण्यास प्रत्यक्ष इंग्लंडहून प्रिट हे नामांकित बॅरिस्टर आले होते. पण १९५१ सालीं न्यायालयानें असें ठरविलें, कीं केवळ वकील नव्हता एवढ्यावरून खटला आपोआप रद्द होत नाहीं. पहा, केवढा मोठा वकील मिळाला. पण तो मिळाला तेव्हां “मागें वकील नव्हता” एवढेंच सांगावयाचें त्याच्या हातीं उरलें होतें.

तेथून आजपर्यंत कायद्यानें लांबचा पल्ला गांठला आहे. १९७६ सालीं घटनेंत ३९-अ हें कलम आलें आणि गरिबीमुळें कोणी न्यायाला मुकूं नये, यासाठीं मोफत कायदेविषयक साहाय्य देणें हें राज्याचें कर्तव्य ठरलें. १९७८ सालीं महाराष्ट्रांतीलच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. येरवड्याच्या तुरुंगांत पाठविलेली निकालपत्राची नक्कल कैद्याच्या हातीं पोंचलीच नव्हती, आणि त्यामुळें त्याचें अपील चार वर्षें रखडलें होतें. होसकोट खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या निकालांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं सांगितलें, कीं कैद्याला निकालाची नक्कल विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठीं वकील देण्याची ऐपत त्याच्यांत नसेल तर तो राज्यानें दिला पाहिजे. १९८१ सालीं बिहारमधील प्रकरणांत ठरलें, कीं हा हक्क खटल्याच्या दिवशीं सुरू होत नसून, आरोपी मॅजिस्ट्रेटपुढें प्रथम उभा राहतो त्या क्षणीं सुरू होतो, आणि तो त्याला समजावून सांगणें हें मॅजिस्ट्रेटचें कर्तव्य आहे. १९८६ सालीं ठरलें, कीं आरोपीनें वकील मागितला नाहीं ही सबब चालणार नाहीं. मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांविषयीं पत्रकार शीला बर्से यांनीं लिहिलेल्या पत्रावरून १९८३ सालीं हुकूम झाला, कीं अटक होतांच पोलिसांनीं जवळच्या साहाय्य समितीला कळवावें. आणि १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें, जो १९९५ च्या नोव्हेंबरपासून अमलांत आला, या सर्वाला कायमचें घर बांधून दिलें.

हें घर कोठें आहे? जिल्ह्याच्या न्यायालयांत जिल्हा विधि सेवा प्राधिकरण असतें आणि जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधि सेवा समिति असते. म्हणजे आमच्या तलवाड्याच्या माणसाला गेवराईस आणि बीडला, आणि आपणां शहरवासीयांना आपल्या न्यायालयाच्या आवारांतच ती सांपडेल. तुरुंगांतूनहि अर्ज करतां येतो. १५१०० या दूरध्वनि क्रमांकावर चौकशी करतां येते.

मोफत वकील कोणाला मिळतो? स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुलें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, अपंग, कारखान्यांतील कामगार, आपत्तिग्रस्त, यांना उत्पन्नाची अट नाहीं. इतरांसाठीं महाराष्ट्रांत वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. आणि ज्या एका वर्गाविषयीं आज मी बोलत आहें, तो वर्ग म्हणजे कोठडींत असलेला मनुष्य. त्यालाहि उत्पन्नाची अट नाहीं. अर्जाला फी नाहीं. आणि नेमलेल्या वकिलानें पक्षकाराकडून एक पैसाहि घेतां कामा नये असा नियम आहे.

येथें एका शब्दानें फार घोटाळा केला आहे. आपल्याकडे “सरकारी वकील” म्हटलें म्हणजे सरकारतर्फें आरोपीविरुद्ध खटला चालविणारा वकील. मोफत मिळणारा वकीलहि सरकारच्याच खर्चाचा. म्हणून साध्या माणसाला वाटतें, कीं हा “सरकारी” म्हणजे पोलिसांचाच मनुष्य. तो त्याला खरी हकीगत सांगत नाहीं, किंवा त्याला नकोच म्हणतो. श्रोतेहो, हे दोघे एकमेकांसमोर उभे राहणारे आहेत. पगार कोठूनहि येवो, विधि सेवेचा वकील हा सर्वस्वीं आरोपीचा वकील असतो. त्याला सांगितलेली गोष्ट गुप्त राखण्यास तो बांधलेला असतो. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत केवळ आरोपींच्या बचावाचेंच काम पूर्ण वेळ करणारे वकील या योजनेंत नेमले जाऊं लागले आहेत. हा फरक ज्याला समजला त्याची अर्धी अडचण दूर झाली.

आतां पहिल्या दिवसाविषयीं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. कलमांचे आंकडे बदलले. मुख्य हक्क तेच राहिले. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिस पुष्कळदां अटक न करतां हजर राहण्याची नोटीस देतात. ती आली तर गांव सोडून जाऊं नये. नोटीस मानली नाहीं हेंच मग अटकेचें कारण होऊं शकतें. नोटीस घेऊन आधीं वकिलाकडे जावें आणि मग ठाण्यावर. अटक झालीच, तर कारण लेखी मागावें, आणि आप्ताला किंवा मित्राला कळविण्यास सांगावें. हें कळविणें पोलिसांवर बंधनकारक आहे. चौकशीच्या सर्व वेळ नव्हे, तरी चौकशी चालू असतां वकिलाची भेट घेण्याचा हक्क आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति कोणावरहि करतां येत नाहीं, आणि पोलिसांपुढें दिलेली कबुली, कांहीं ठराविक अपवाद सोडले तर, पुरावा म्हणून चालत नाहीं. म्हणून भीतीनें, मारानें किंवा “सही कर, घरीं जा” या गोड बोलण्यानें कोऱ्या अगर न वाचलेल्या कागदावर सही करूं नये. मार बसला असेल तर तो मॅजिस्ट्रेटला आणि तपासणाऱ्या डॉक्टरला सांगावा. वळ चार दिवसांत मावळतात. नोंद मावळत नाहीं.

मॅजिस्ट्रेटपुढें उभें राहिल्यावर माणसाची वाचा बसते, हें मी जाणतों. म्हणून एकच वाक्य पाठ करून ठेवावें: “साहेब, मला वकील नाहीं, मला शासनाच्या खर्चानें वकील द्यावा.” वर्गांत पाढे पाठ करवून घेतले त्याच आवडीनें मी हें वाक्य पाठ करवून घेईन. त्यानंतर घरच्यांनीं गुन्ह्याचा क्रमांक, ठाण्याचें नांव, प्रथम खबरीची नक्कल, असल्यास दवाखान्याचे कागद आणि आरोपीच्या वयाचा दाखला एवढें घेऊन समितीच्या कचेरींत जावें. प्रथम खबर आरोपीला मिळूं शकते. कांहीं नाजूक गुन्हे सोडले तर ती पोलिसांच्या संकेतस्थळावरहि ठेवावी लागते, असें २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें आहे.

वेळेचें मोल किती, याचें एक उदाहरण कायद्यांतच आहे. आरोपी कोठडींत असतां पोलिसांनीं ६० दिवसांत, आणि फार गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत, दोषारोपपत्र दाखल केलें नाहीं, तर जामिनावर सुटणें हा आरोपीचा हक्क होतो. पण हा हक्क मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशीं अर्ज पडला तर तो माणूस सुटतो. अर्ज पडण्याच्या आधीं दोषारोपपत्र येऊन पोंचलें, तर तो हक्क हातचा जातो. ज्याला वकील आहे तो दिवस मोजतो. ज्याला नाहीं तो नुसते दिवस काढतो.

आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीनें आणखी एक गोष्ट सांगणें जरूर आहे. दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. तेथें फडावर मारामारी झाली, चोरीचा आळ आला, तर मनुष्य परमुलुखांत अडकतो. कर्नाटकांत असला तर कागदहि कानडींत. त्याच्यासाठीं दोन गोष्टी आहेत. पहिली ही, कीं विधि सेवेची कचेरी साऱ्या देशांत आहे. मदत जेथें खटला आहे तेथेंच मिळते, गांवीं परत येण्याची वाट पाहूं नये. नोव्हेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्रांतीलच एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे, कीं अटकेचीं कारणें त्या माणसाला समजणाऱ्या भाषेंत लेखी मिळालीं पाहिजेत; तत्काळ शक्य नसेल तर तोंडीं सांगून, मॅजिस्ट्रेटपुढें नेण्याच्या किमान दोन तास आधीं तीं लेखी द्यावींत. दुसरी गोष्ट जामिनाची. १९७८ सालीं मोतीराम नांवाच्या एका गरीब गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागण्यांत आला, आणि त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यांतील म्हणून जामीनदार नाकारण्यांत आला. सर्वोच्च न्यायालयानें ही गोष्ट घटनेला विसंगत ठरविली आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्यास सांगितलें. परजिल्ह्यांतला जामीनदार चालत नाहीं असें कोणी फडावरच्या मजुराला सांगितलें, तर वकिलाच्या मुखांतून या निकालाची आठवण करून देतां येते.

मोफत वकील कसला काम करणार, असा एक आक्षेप नेहमीं येतो. तो अगदींच खोटा आहे असें मी म्हणणार नाहीं. कांहीं वकील कागद न वाचतां उभे राहतात. पण तसे तर फी घेणाऱ्यांतहि आढळतात. फरक इतकाच, कीं नेमलेल्या वकिलाबद्दल समितीकडे तक्रार करतां येते, तो बदलून मागतां येतो, आणि त्याच्या कामावर देखरेख ठेवणारी समितीहि नियमांत आहे. आपल्या सरहद्दीलगतच्या खंडव्याच्या एका खटल्यांत आरोपीला वकील देऊन त्याच दिवशीं आरोप निश्चित केले होते, आणि दोन आठवड्यांत फांशी सुनावली होती. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल रद्द करून खटला नव्यानें चालविण्यास सांगितलें, आणि नियम घालून दिला, कीं जन्मठेप किंवा फांशी होऊं शकेल अशा खटल्यांत नेमलेला वकील किमान दहा वर्षांच्या अनुभवाचा असावा व त्याला तयारीसाठीं सामान्यतः किमान सात दिवस मिळावेत. हा नियम माहीत असणें म्हणजेच चांगला वकील मिळविण्याची पहिली पायरी आहे.

याहून तीव्र आक्षेप दुसरा आहे. ज्यानें गुन्हा केला त्याला आमच्या पैशानें वकील कशाला? या प्रश्नाला मी महाराष्ट्रांतील एका प्रकरणानेंच उत्तर देईन. २००३ च्या जून महिन्यांत नाशिकजवळ एका शेतांतील झोपडींत दरोडा पडला. एकाच कुटुंबांतील पांच जणांचे खून झाले आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. ऐकूनहि अंगावर कांटा यावा असें तें कृत्य होतें. त्यासाठीं भटक्या जमातींतील सहा मजुरांना धरण्यांत आलें. २००६ सालीं नाशिकच्या सत्र न्यायालयानें साऱ्यांना फांशी दिली. उच्च न्यायालयानें तिघांची फांशी जन्मठेपेवर आणली. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां सहाही जणांना फांशी सुनावली. आणि ५ मार्च २०१९ रोजीं त्याच सर्वोच्च न्यायालयानें सहाही जणांना निर्दोष सोडलें. वांचलेल्या स्त्रीनें घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रांतून चार निराळ्याच माणसांना ओळखलें होतें. त्या धाग्याचा शोध नीट घेतला गेलाच नव्हता. न्यायालयानें प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्यास आणि पुन्हां तपास करण्यास सांगितलें. सोळा वर्षें गेलीं. तो छायाचित्रांचा कागद २००३ सालींच होता; २०१९ सालीं तो निर्माण झाला नाहीं. प्रारंभींच जागरूक बचाव त्या कागदापर्यंत पोंचला असता, तर सहा घरांचीं सोळा वर्षें वांचतीं. आणि ज्यांचीं माणसें मारलीं गेलीं त्यांचें काय? खरे मारेकरी त्या सोळा वर्षांत मोकळेच राहिले. निरपराध्याला शिक्षा होते तेव्हां न्याय दोनदां चुकतो. म्हणून आरोपीचा चांगला वकील हा फिर्यादीच्याहि हिताचा आहे.

त्या सहांपैकीं एक जण घटनेच्या वेळीं अठरा वर्षांखालील होता, असेंहि पुढें निष्पन्न झालें. म्हणजे फांशी सोडाच, त्याचा खटलाच मोठ्यांच्या न्यायालयांत चालावयास नको होता. येथें मास्तरकीचा संबंध येतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें वय ठरवितांना शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला पहिलें स्थान आहे. वैद्यकीय तपासणी त्याच्या फार मागून येते. आमच्या भागांतील जुनीं रजिस्टरें उघडून पहा. १ जून ही जन्मतारीख किती मुलांच्या नांवापुढें आढळते! शाळा जूनमध्यें उघडे, बाप म्हणे “सहावें लागलें असेल”, आणि तारीख पडे. ही नोंद पुढें एखाद्या दिवशीं न्यायालयाच्या मेजावर जाते. म्हणून पालकांनीं जन्माचा खरा दाखला वेळींच काढावा, शिक्षकांनीं तो पाहूनच नोंद करावी, आणि मुलगा अडचणींत सांपडला तर वयाचा कागद पहिल्याच दिवशीं वकिलाच्या हातीं द्यावा. वयाचा प्रश्न कोणत्याहि टप्प्यावर उपस्थित करतां येतो; पण उशीर झाला तर तोंवर गेलेलीं वर्षें परत मिळत नाहींत.

उरला प्रश्न खऱ्या गुन्हेगाराचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यांतील कसाबपेक्षां अधिक उघड गुन्हेगार कोण असेल? त्याचें वकीलपत्र घेण्यास पुष्कळांनीं नकार दिला. तरी न्यायालयानें त्याला वकील नेमून दिले, त्यांनीं आपलें काम केलें, आणि २०१२ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें फांशी कायम करतांना त्याच निकालांत निक्षून सांगितलें, कीं मोफत वकील मिळण्याच्या हक्काची जाणीव प्रथम हजर होणाऱ्या प्रत्येक आरोपीला देणें हें मॅजिस्ट्रेटचें बंधन आहे. त्याआधीं २०१० सालीं, अमुक आरोपीचें काम घेऊं नये असे वकीलसंघांचे ठराव बेकायदेशीर असल्याचें त्याच न्यायालयानें ठरविलें होतें. कसाबला वकील मिळाला म्हणून निकालाला कोणी बोट दाखवूं शकलें नाहीं. शिक्षा न्याय्य ठरावयास बचाव खरा असावा लागतो.

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांवर असा प्रसंग येणार नाहीं, आणि येऊंहि नये. पण आपल्या घरीं भांडीं घासण्यास येणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, गाडी चालविणारा तरुण, यांच्यावर तो येऊं शकतो. आणि त्या वेळीं ते प्रथम आपल्या दारीं येतात, कारण घरांतील माणसें शिकलेलीं आहेत. “माझ्या पोराला रात्रीं पोलिसांनीं नेलें” म्हणून ती माउली उंबऱ्याशीं उभी राहील, तेव्हां “त्यानें काय केलें?” हा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवावा. त्याचा निर्णय करण्यास न्यायाधीश आहेत. आपण विचारावें, “कोणत्या ठाण्यावर नेलें? किती वाजतां नेलें?” कारण चोवीस तास तेथून मोजावयाचे असतात. १५१०० हा क्रमांक तिला लावून द्यावा. अर्ज लिहून द्यावा. शक्य असेल तर न्यायालयांत तिच्याबरोबर जावें. नुसत्या शिकलेल्या माणसाच्या सोबतीनेंहि अशिक्षिताचा आवाज थोडा मोकळा होतो.

आमच्या तलवाड्याची ग्रामदेवता त्वरिता या नांवानें ओळखली जाते. त्वरिता म्हणजे सत्वर धांवून येणारी. कायद्याच्या मदतीचेंहि तसेंच आहे. ती सत्वर आली तरच तिचा खरा उपयोग. आणि माणसानें मागितली तरच ती सत्वर येते. ती मागण्यास आपण एखाद्यास जरी शिकविलें, तरी या बोलण्याचें सार्थक झालें असें मी समजेन.